उन्हात वाळवलेली होडी

माझ्या सासऱ्यांची होडी त्या उन्हाळ्यात पाण्याबाहेर काढली, तेव्हा ती परत पाण्यात जाणार की नाही हे ठरलेलं नव्हतं. एरवी ठरलेलं असायचं. धरणाचं पाणी उतरून पलीकडच्या शेताकडं चालत जायची वाट उघडी पडली की होडी बैलांनी ओढून काठावरच्या बाभळीखाली आणायची, डांबर लावायचं, आणि पाणी चढलं की सोडायची. त्या वर्षी मात्र मेहुण्यानं सांगून टाकलं होतं, की होडी बाहेर काढून बघू. लाकूड कुजलेलं निघालं तर होडी मोडीत आणि शेत बटईनं. कुजलं आहे की नाही हे मी सांगायचं होतं.

मी शेंद्र्याला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. तयार झालेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं आणि चालेल किंवा चालणार नाही असं लिहून सही करायची, हा माझा रोजचा उद्योग. सासुरवाडीत त्याची चेष्टा होते. मी जेवायला बसलो की मेहुणा ताटात भाकरी वाढताना विचारतो, "दाजी, ही पास का?" पण त्याला आणि सासऱ्यांना, दोघांनाही पटेल असा माणूस शोधायची वेळ आली तेव्हा दोघांनी माझंच नाव घेतलं. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणं मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, की तुम्ही या, बघा, तुम्ही म्हणाल ते. मेहुण्यानंही दुसऱ्या दिवशी फोन करून हेच सांगितलं. मला ते जड गेलं. दोघांना दोन वेगळी उत्तरं हवी होती आणि दोघांचा विश्वास एकाच माणसावर होता.

गाव पैठण तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याच्या काठी आहे. धरण झालं तेव्हा या घराची खालची काळी जमीन पाण्यात गेली आणि वरचा एक उंचवटा राहिला. पाणी भरलं की त्या उंचवट्याला तीन बाजूंनी पाणी असतं. चौथ्या बाजूनं रस्ता आहे, पण तो दुसऱ्या गावावरून मोठा वळसा घालून जातो. मोटारसायकलवर जाता येतं, चाऱ्याचे भारे घेऊन रोज येता येत नाही. होडीनं मात्र शेत समोर दिसतं. मामांच्या वडिलांनी जन्मात कधी वल्हं हातात धरलं नव्हतं. नांगर, वखर, बैलगाडी एवढीच त्यांची अवजारं. धरणानं मामांच्या हातात होडी दिली, आणि काठावरच्या मासेमारी करणाऱ्या भोयांचं बघून बघून ते ती चालवायला शिकले. सोळा फुटांची, सपाट बुडाची, सागाच्या फळ्यांची होडी. ती त्यांनी पैठणहून करून आणली होती आणि तिची काळजी ते बैलांच्या बरोबरीनं घेत.

मागच्या दिवाळीच्या सुमारास मामा आणि मामी पलीकडून चारा घेऊन येत असताना होडीत पाणी भरलं. दरवर्षी थोडंफार पाझरायचंच, पण या वेळी मध्यावर येईपर्यंत पाणी घोट्याच्या वर आलं. मामा वल्हवत राहिले, मामी घमेल्यानं पाणी उपसत राहिल्या, आणि काठ आला तेव्हा दोघं मांडीपर्यंत भिजलेले होते. मामी हे हसत हसत सांगायच्या. "ह्यांना म्हणलं, चारा टाकून देऊ का पाण्यात? तर म्हणे, घरी म्हैस उपाशी ठेवायची का, तू उपस."

मेहुणा कधी हसला नाही. तो पाचोडला शेतीच्या औषधांचं दुकान चालवतो. बाजाराच्या दिवशी त्याला जेवायला वेळ मिळत नाही. दुकानात बसल्या बसल्या आईबाप पाण्यावर आहेत हा विचार त्याच्या डोक्यात असायचा, हे तो मला एकदाच बोलला. शेजारच्या गावातला एक माणूस शेत बटईनं करायला तयारही होता. मामांना ते कळलं होतं. शेत बटईनं गेलं तर पलीकडं जायचं कारण संपणार आणि ओट्यावर बसायचं काम उरणार, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सत्तरी उलटलेल्या त्या माणसाचा अख्खा दिवस त्या उंचवट्यावर जायचा.

मी आणि बायको शहरातून गाडीनं निघालो. बिडकीन मागं पडल्यावर ती म्हणाली, "आप्पांना वाईट वाटंल म्हणून खोटं सांगू नका. आन त्याला बरं वाटंल म्हणून बी नाय." वडिलांना ती आप्पा म्हणते. एरवी शहरात ती शुद्ध बोलते. माहेरच्या रस्त्याला लागली की तिची भाषा बदलते.

काठावर पोचलो तेव्हा मेहुण्यानं ट्रॅक्टर आणून ठेवला होता. होडी गुडघाभर पाण्यात होती, अर्धी पाण्यानं भरलेली, आणि तिच्या पुढच्या कडीला नायलॉनचा दोर बांधून तो ट्रॅक्टरला अडकवायची तयारी झाली होती. मामा बाजूला उभे होते. त्यांची बैलजोडी बाभळीखाली होती, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी ट्रॅक्टर नको म्हणालो. मेहुण्याला वाटलं मी मामांची बाजू घेतोय. त्याला सांगितलं, की बाजूचा प्रश्न नाही. ट्रॅक्टर सुटताना हिसका देतो. त्या हिसक्यानं एखादी फळी उचकटली, तर ती आधीच उचकटलेली होती की आज उचकटली हे मी सांगू शकणार नाही. तपासायच्या मालाला तपासणीआधी धक्का लागू द्यायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. मेहुण्यानं थोडा विचार केला आणि दोर सोडला. त्याचं हे मला नेहमी आवडतं. कारण पटलं तर तो अडून बसत नाही.

मग जुन्या पद्धतीनं काम सुरू झालं. आधी होडीतलं पाणी उपसलं. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गवतावर एका धनगराची मेंढरं चरत होती. मामांच्या वयाचा, मामांचा जुना मित्र. तो काठी आडवी धरून बघत उभा राहिला.

"पाटील," तो मामांना म्हणाला, "शहरातून पाव्हणा बोलावला तवा वाटलं मशीन येतंय. हितं तर बैलंच."

"तुझी मेंढरं जुंपू का?" मामा म्हणाले.

"जुंपा की. पर ती पास हायेत का ते पाव्हण्याला इचारा आधी."

एवढं बोलून त्यानं धोतर खोचलं आणि पाण्यात उतरून होडीला खांदा लावला. मागून त्याचे दोघं पुतणे आले. आम्ही दोर कडीला न बांधता होडीच्या पोटाखालून घेऊन दोन्ही अंगांना बांधला, म्हणजे ओढ एका जागी पडणार नव्हती. पुढं निलगिरीचे गोल ओंडके आडवे टाकले. बैल जुंपले. मामा बैलांच्या तोंडाशी उभे राहिले आणि हळू आवाजात बोलायला लागले. काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, पण बैलांनी एकदम जोर न लावता मान खाली घालून तोल दिला, आणि होडी चिखलातून अशी निघाली, जणू कुणी ती उचलून देत होतं. मागचा ओंडका मोकळा झाला की मेहुणा तो उचलून पळत पुढं आणायचा. बाभळीपर्यंत आल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून ती उलटी केली. तिचं बूड आभाळाकडं आलं. धनगर त्यावर थाप मारून म्हणाला, की म्हातारीची पाठ शाबूत दिसती. मामांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते माझ्याकडं बघत होते.

मी सांगितलं, की तपासून होईपर्यंत काही बोलणार नाही.

तपासायला मी घरून टोच्या, छोटी हातोडी, मोजपट्टी आणि फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या आणल्या होत्या. पुढच्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक फळी हातोडीच्या दांड्यानं वाजवत गेलो. कुजलेलं लाकूड वेगळं वाजतं, बसका आवाज येतो. टोच्या दाबून बघितला. कुजलेल्या लाकडात तो लोण्यात जावा तसा जातो. इथं कुठंच गेला नाही. मागच्या टोकाशी एका कोपऱ्यात जरा मऊ लागलं, ते तळहाताएवढं सुद्धा नव्हतं. लाकूड चांगलं होतं. ते मला पहिल्या तासातच कळलं, आणि कळल्यावर मी जास्त काळजीत पडलो. लाकूड चांगलं असेल तर पाणी शिरलं कुठून, याचं उत्तर सापडेपर्यंत मला होडी चालेल असं म्हणता येत नव्हतं.

उत्तर खिळ्यांनी दिलं. मागच्या अर्ध्या भागात खिळ्यांची डोकी फळीच्या वर आली होती. काही नखाच्या जाडीएवढी, काही त्याहून जास्त. फळ्या आतल्या आडव्या पट्ट्यांपासून सुटून वर उचलल्या गेल्या होत्या आणि मधल्या फटीतून डांबरात भिजवलेला कापूस बाहेर ढकलला गेला होता. पुढच्या अर्ध्या भागात मात्र खिळे जिथल्या तिथं घट्ट होते. होडी एकच, लाकूड एकच, खिळे एकाच कारागिरानं ठोकलेले. मग अर्धी धड आणि अर्धी बिघडलेली का?

मी मामांना विचारलं की दरवर्षी होडी उलटी करून कुठं ठेवता. ते म्हणाले, इथंच. अशीच का? अशीच, पुढचं तोंड बाभळीकडं. मग मी दुपारचं ऊन व्हायची वाट बघत बसलो. दुपारी बाभळीची सावली होडीच्या पुढच्या अर्ध्यावर आली आणि मागचा अर्धा भाग उन्हात तापत राहिला. हात ठेववत नव्हता. सावली जिथं संपत होती, साधारण तिथूनच खिळे वर यायला लागले होते.

त्यानंतर मी मामांना डांबर लावायची सगळी रीत विचारून घेतली. ते मनापासून सांगत होते. होडी बाहेर काढली की पहिलं काम म्हणजे तिला वाळवायचं. अगदी खडखडीत. वर्षभर पाण्यात असते, तेव्हा उन्हाळ्यातच काय तो तिला कोरडं व्हायला वेळ मिळतो. वाळली की फळ्यांमधल्या फटी उघडतात. त्या फटींत डांबरातला कापूस ठोसायचा. छिन्नी आणि हातोडीनं, आणखी मावणार नाही असा. मग वरून डांबर. मागच्या काही वर्षांत पाझरायला लागली तेव्हापासून ते जास्त वाळवत होते आणि जास्त ठोसत होते.

त्यांचं ऐकताना मला सगळं स्पष्ट दिसलं. लाकूड वाळलं की आकसतं आणि भिजलं की फुगतं. आकसलेल्या लाकडाच्या फटी दगडासारख्या भरून टाकल्या, की पाण्यात गेल्यावर फुगायला जागाच उरत नाही. फळ्या एकमेकींना रेटतात, आणि बाजूला सरकता आलं नाही की वर उचलल्या जातात. सोबत खिळे घेऊन. मामा दरवर्षी जितक्या काळजीनं होडी दुरुस्त करत होते तितकी ती उचकटत होती. भोई लोक होडी सावलीत ठेवतात, वर ओली पोती टाकतात. मामांनी वल्हवायला त्यांच्याकडून शिकून घेतलं होतं, पण ठेवायची रीत मात्र शेतकऱ्याची लावली. शेतकऱ्याच्या घरात ओल ही वैरी असते. धान्य ओलं राहिलं तर कीड लागते, कडबा ओला राहिला तर बुरशी येते, बी ओलं राहिलं तर वाया जातं. जे जपायचं ते आधी उन्हात घालायचं, हे त्यांच्या हाडात होतं.

आता हे सांगायचं कसं? आधी मामांना एकट्याला गाठून सांगावं असं मला वाटलं होतं. पण मग मेहुण्याला मी वेगळं सांगतोय असं झालं असतं. शेवटी संध्याकाळी चहा झाल्यावर होडीपाशीच सगळ्यांना बोलावलं. मामा, मामी, मेहुणा आणि बायको. मी आधी लाकडाचं सांगितलं, की लाकूड कुजलेलं नाही. मामांनी मेहुण्याकडं बघितलं. मग खिळे दाखवले, सावलीची रेघ दाखवली, आणि कारण सांगितलं. शब्द न चावता सांगितलं, कारण असलं काही गोल गोल सांगितलं तर प्रत्येक जण आपल्याला हवा तो अर्थ घेतो.

मग मामी म्हणाल्या, "गाडीचं चाक ढिलं झालं की तुम्ही डोहात नेऊन टाकायचे ना? दोन दिस भिजलं की लोखंडी धाव घट्ट बसायची. मग हिलाच कामून वाळवायचे?"

"चाक कोरडं राहतं म्हणून भिजवायचं," मामा म्हणाले. "ही तर पाण्यातच राहती बारा महिने. हिला आणखी काय भिजवायचं, असं वाटायचं." मग ते होडीच्या बुडावर हात फिरवत एका वर आलेल्या खिळ्यापाशी थांबले. "म्हंजे मीच बिघडवली."

"व्हय मामा," मी म्हणालो.

मेहुणा या वेळी काहीतरी बोलेल असं मला वाटलं, आणि तो बोलला असता तर बहुतेक तिथंच सगळं फिसकटलं असतं. पण तो खाली बसला आणि त्याच खिळ्याला नखानं उचकून बघायला लागला. खिळा हातानं हलत होता. तो बघून त्याचा चेहरा उतरला. आई घमेल्यानं पाणी उपसत होती तेव्हा या खिळ्यावर भरवसा ठेवून बसली होती, हे त्याच्या डोक्यात आलं असणार.

"लाकूड चांगलं आहे तर पास म्हणायची का ही?" त्यानं मला विचारलं.

मी म्हणालो, आज नाही. आज ही चालणार नाही. नव्यानं खिळे मारून, रीत बदलून, पाण्यात घालून आणि वजन ठेवून बघितल्यावर काय ते सांगेन.

"आन तवा बी पाणी आलं तर?"

"तर मी स्वतः मोडीत काढा म्हणेन."

मामा तोपर्यंत बैलांकडं गेले होते. मला वाटलं ते रुसले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात गोठ्यातली पोती होती. "कशी झाकायची ते दाखवा," म्हणाले. "बिघडवली मी, नीट बी मीच करीन. तुम्ही फक्त सांगा."

पुढची दुरुस्ती मामांनी केली. मी रविवारी जायचो तेवढाच. आधी सगळा जुना कापूस उकरून काढला. ओली पोती टाकून फळ्या हळूहळू पहिल्या जागी येऊ दिल्या. घरातली पोती पुरेनात, तेव्हा मेहुण्यानं पाचोडच्या बाजारातून आणखी आणली आणि न बोलता बाभळीखाली टाकून गेला. सुटलेले खिळे काढून त्यांच्या जागी लांब, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे मारले आणि आतून वाकवून घेतले. फटींसाठी बायकोनं शहरातल्या गुलमंडीतून सुती दोर आणला. तो मी मामांना एकाच बोटानं दाबून भरायला सांगितला, हातोडी लावायचीच नाही. हे त्यांना फार अवघड गेलं. सैल भरलेली फट म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट काम. मी बघत नाही असं वाटलं की त्यांचा हात छिन्नीकडं जायचा, आणि मामी लगेच हटकायच्या. शेवटी मामींनी छिन्नी घरात नेऊन ठेवली. बाभळीची सावली पुरत नव्हती तिथं मामांनी तुराट्यांचं छप्पर घातलं. दिवसातून दोन वेळा पोत्यांवर पाणी मारायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

आमच्याकडं पाणी वरून येतं. इथं आभाळ कोरडं असलं तरी नाशकाकडं पाऊस झाला की धरण चढायला लागतं, आणि काठावरचे लोक रोज फोनवर आकडे बघतात. वाट बुडायच्या बेतात आली तेव्हा मी रजा टाकून गेलो. होडी ओंडक्यांवरून खाली नेली, सुलटी केली, पाण्यात ढकलली. आणि तिच्यात पाणी आलं.

ते येणार हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. कितीही पोती टाकली तरी लाकूड पूर्ण फुगलेलं नसतं. फटी सैल ठेवल्या होत्या त्या त्यासाठीच. पण सांगणं वेगळं आणि डोळ्यांसमोर फटीफटीतून पाणी उसळताना बघणं वेगळं. मेहुण्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, आता ती बुडवायची.

मांडीएवढ्या पाण्यात नेऊन आम्ही तिच्यात दगड घातले. मामा स्वतःच्या हातानं एकेक दगड ठेवत होते, आणि होडी काठोकाठ भरून तळाला बसली. फक्त पुढची कडी वर राहिली. धनगर मेंढरं सोडून बघायला आला होता. त्यानं ही बातमी गावात अशी पोचवली, की पाटलाच्या जावयानं सासऱ्याची होडी दिवसाढवळ्या बुडवली. संध्याकाळी पारावरून जाताना एकानं मला विचारलं, की पाव्हणं, आमच्या विहिरीतली मोटर बी बुडवून देता का. मी म्हणालो, ती बुडालेलीच असते. लोक हसले, मीही हसलो. माझी मला खात्री होती. मामांची होती की नाही माहीत नाही. ते त्या दिवशी जेवले कमी.

तिसऱ्या दिवशी दगड काढले, पाणी उपसलं आणि होडी वर आली. फळ्या अशा जुळल्या होत्या की माझी सगळ्यात पातळ पट्टी कुठं शिरत नव्हती. तरी मी पास म्हणालो नाही. मामा, मामी आणि चाऱ्याचे भारे मिळून जितकं वजन होईल तितकी, आणि वर थोडी जास्त, वाळू पोत्यांत भरून होडीत ठेवली. मेहुणा पोती उचलून देताना म्हणाला, की आणखी एक ठेवा. ठेवली. दोर बांधून होडी खोल पाण्यात सोडली आणि दुपारपर्यंत तशीच ठेवली. मामा काठावर बसून होते. एकदा म्हणाले, "बैल विकत घेताना बी एवढं बघत नाय आपण."

दुपारी ओढून आणली. मागच्या कोपऱ्यात, जिथं लाकूड मऊ होतं तिथं, ओल होती. हात लावला तर बोटं ओली झाली, एवढीच. बाकी तळ कोरडा. पाण्याची रेषा बाहेरून जिथं आली होती तिथं मी पांढऱ्या रंगानं दोन्ही बाजूंना पट्टा मारला.

"हा पट्टा पाण्याखाली गेला तर चारा काठावरच ठेवायचा," मी मामांना म्हणालो. "म्हैस उपाशी राहिली तरी. आणि मागचा कोपरा पुढच्या उन्हाळ्यात बदलायचा. या दोन अटींवर चालेल."

मामांनी मान हलवली. मामी म्हणाल्या, की पट्ट्याकडं मी बघीन, ह्यांच्यावर सोडू नका. मेहुण्यानं पायातले बूट काढले, पँट दुमडली आणि होडीत जाऊन बसला. मला आठवतं तसं तो त्या होडीत मोठेपणी कधी बसला नव्हता. मामींनी त्याच्याकडं बघितलं, पदर खोचला आणि त्याच्यासमोर जाऊन बसल्या. मामांनी वल्हं घेतलं.

बायको आणि मी काठावर थांबलो. पट्टा पाण्याच्या चार बोटं वर होता. होडी थोडी पुढं गेल्यावर मेहुण्यानं खिशातून फोन काढला. पाण्यावर आवाज लांबपर्यंत येतो, त्यामुळं त्याचं बोलणं आम्हाला नीट ऐकू आलं. शेजारच्या गावातल्या त्या माणसाला तो सांगत होता, "नाय, बटईनं नाय द्यायचं. औंदा शेत आप्पाच करणार." पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "हौ, होडीनंच."

मामांची पाठ आमच्याकडं होती. त्यांनी वल्हं थांबवलं नाही.